काम हलकं, तरी मान-खांदे का धरतात?

शेवटचं_बटण

शिलाईच्या लाइनवर बरीच वर्षं मशीन चालवली, आता तशाच एका लाइनची देखरेख करते. गठ्ठे उचलून नेणारे हेल्पर कंबर धरली म्हणतात, मानेची तक्रार क्वचितच करतात. मान-खांदे धरतात ते बसून कॉलर जोडणाऱ्यांचे, काज-बटण करणाऱ्यांचे, धागे कापणाऱ्यांचे. हातातल्या तुकड्याला वजन असं नाहीच. तरी दुपारनंतर बघावं तर निम्म्या जणी अंगठ्याने मानेचं मूळ दाबत बसलेल्या. त्यातही एकाच बाकावर शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघींपैकी एकीला त्रास आणि दुसरीला काहीच नाही.

जमेल तसं वाचलं. अमेरिकेत नायोश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिने १९९७ मध्ये सहाशेहून अधिक अभ्यास चाळून एक मोठा आढावा काढला. मानेच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा सापडला तो एकाच स्थितीत अवघडून राहण्याबद्दल. पुन्हा पुन्हा तीच हालचाल आणि लावावा लागणारा जोर यांचाही पुरावा आहे, पण एक पायरी खालचा. खांद्यासाठी पुनरावृत्ती आणि हात उचललेल्या स्थितीत राहणं ही दोन कारणं पुढे आली. नुसत्या जोरावर बोट ठेवण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता.

एकसुरी काम कशाला म्हणायचं याचं एक माप १९८०च्या दशकापासून वापरात आहे. एक फेरा तीस सेकंदांच्या आत संपतो, किंवा फेऱ्यातला निम्म्याहून जास्त वेळ तीच मूळ हालचाल चालू असते. यातली एक अट पुरली तरी काम त्या वर्गात जातं. आमचं कॉलरचं काम दोन्हींत बसतं.

तर प्रश्न असे. हलक्या कामाने स्नायू दमतो तरी कसा? एकीलाच का होतं? आणि वेग, बसण्याची ढब, डोक्यावरचा ताण यातलं जास्त नडतं ते काय? मशीन बदलणं माझ्या हातात नाही. टार्गेट थोडंफार आहे.

मणकेदार

फिजिओ आहे, रोज हेच बघते, म्हणून जरा लांबण लावते.

ताई, तुकड्याचं वजन बघू नका, हाताचं बघा. एक हात म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के. साठ किलोच्या बाईचा हात तीन किलोचा झाला. तो पुढे धरून काम करायचं म्हणजे ते तीन किलो दिवसभर खांद्याच्या पट्ट्यावर टांगलेले. त्यांना तोलून धरतो तो मानेच्या मागून खांद्यापर्यंत उतरलेला पसरट स्नायू, ट्रॅपेझियस. तुमच्या बायका अंगठा रोवतात ती जागा त्याचीच.

१९६० मध्ये रोमेर्ट या जर्मन संशोधकाने मांडलं होतं की कमाल ताकदीच्या १५ टक्क्यांखालचा भार स्नायू जवळपास कितीही वेळ पेलू शकतो. पुढे स्वीडनच्या यॉनसनने दिवसभराच्या कामासाठी हा आकडा पार खाली आणला. सतत राहणारा भार २ टक्क्यांपर्यंत असावा, ५ च्या वर जाऊच नये. दोन टक्के म्हणजे किती? खांदे नकळत थोडे वर ओढून बसलात की ते दोन टक्के संपले.

इतक्या कमी भाराने दुखतं कसं, याचं एक उत्तर असं. स्नायूतले तंतू सगळे एकदम कामाला लागत नाहीत, गटागटाने लागतात. आधी लहान गट, जोर वाढला की मोठे. हलक्या कामात मोठ्या गटांची पाळी येतच नाही आणि तेच ते लहान गट तासन् तास राबतात. भार सरासरीने नगण्य असतो, पण त्या थोड्या तंतूंवर तो पुरेपूर असतो. स्वीडनच्याच हेगने १९९१ मध्ये या तंतूंना सिंड्रेलाचं नाव दिलं, घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या शेवटी निजणारी. हे अजून गृहीतकच आहे आणि सगळ्या दुखण्याचा उलगडा त्याने होत नाही. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच रस्त्यावर आहे.

नॉर्वेमध्ये पॅकिंगच्या हलक्या कामावर नव्याने लागलेल्या स्त्रियांच्या ट्रॅपेझियसवर इलेक्ट्रोड लावून नोंदी घेतल्या गेल्या, १९९०च्या आसपास. काम चालू असताना स्नायू मधूनच क्षणभर पूर्ण सैल पडतो. हा विराम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा असला तरी मोजला जायचा. ज्यांना पुढे मानेचा त्रास सुरू झाला त्यांच्या नोंदींत असे विराम कमी होते. काम तेच, वेगही तोच. एकीचा स्नायू दोन तुकड्यांच्या मध्ये सुटत होता, दुसरीचा सुटतच नव्हता.

कीबोर्डकर

वाचतोय. म्हणजे डेटा एंट्रीवाल्यांनाही हे जसंच्या तसं लागू. माझा उजवा खांदाच जातो, डावा ठणठणीत. माउस कीबोर्डच्या पलीकडे, आकड्यांच्या पट्टीच्याही पुढे ठेवलेला असतो, त्यामुळे हात बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो. कोपर अधांतरी.

आणखी एक. मान साठ अंश खाली वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो, असं चित्र सगळीकडे फिरतं. ते खरं आहे का?

तिरकस

ते चित्र २०१४ च्या एका संगणकी गणितातून आलंय. डोकं सरळ असताना सुमारे पाच किलो, वाकवत नेलं की मणक्यावर पडणारा भार वाढत वाढत २७ वर. माणसांना दुखतं की नाही हे त्यात कुणी मोजलेलंच नाही. डोकं पुढे गेलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं, एवढं यंत्रशास्त्र बरोबर आहे. पण भार वाढला म्हणजे इजा झालीच, ही उडी चित्र फिरवणाऱ्यांची.

आता धागाकर्तीच्या हेल्परांबद्दल. त्यांना मानेचा त्रास होत नाही, यावरून ओझं मानेला बरं असा अर्थ कुणी काढू नये. ज्या हेल्परला झेपलं नाही तो काम सोडून गेला. उरलेत ते झेपणारेच. लाइनवर आज बसलेल्यांकडे बघून काढलेल्या कुठल्याही निष्कर्षात हा घोळ असतो. एकाच दिवशी सगळ्यांना प्रश्न विचारून केलेले अभ्यास या विषयात ढीगभर आहेत. त्यांत वाकून बसल्यामुळे दुखलं की दुखतं म्हणून वाकून बसली, हे कळायला मार्ग नसतो.

मणकेदार

@तिरकस, सहमत. पण त्या घोळाची दिशाही बघा. त्रास असलेले निघून गेल्यावर उरलेल्यांत त्रास कमी दिसायला हवा ना? १९९३ मध्ये डेन्मार्कमधल्या शिलाई मशीन चालवणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कामाची वर्षं जितकी जास्त तितका मान-खांद्याचा जुनाट त्रास जास्त निघाला. 

@कीबोर्डकर, माउस आत घ्या, कोपर अंगाजवळ आणि टेकलेलं. आकड्यांची पट्टी लागत नसेल तर ती नसलेला कीबोर्ड मिळतो. लागत असेल तर माउस डाव्या हाताने वापरायची सवय करा, पहिले काही दिवस वैताग येईल.

उंच_शिडी

आम्ही रंगकाम करणारे. आमची मान नाही, खांदा जातो. छताला रोलर मारताना हात सतत डोक्याच्या वर. आधी रात्री त्या कुशीवर झोपता येईना, मग हात वर नेताना मधल्याच टप्प्यात कळ. पूर्ण वर गेला की परत बरं. हे पण त्याच सिंड्रेलामुळे का?

मणकेदार

नाही दादा, तुमच्या दुखण्याची जात वेगळी. मधल्या टप्प्यात कळ आणि त्या कुशीवर झोप नाही, हे बहुतेकदा खांद्यातल्या स्नायुबंधाचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचं दुखणं असतं. स्नायू म्हणजे सुप्रास्पिनेटस, हात बाजूने उचलायला लागणारा. हात अंगापासून तीसेक अंश दूर नेऊन धरला तरी त्या स्नायूच्या आतला दाब रक्तपुरवठा अडवण्याइतका वाढू शकतो. तुम्ही तर नव्वदच्या वर नेता. डेन्मार्कमध्ये २००४ च्या सुमाराला रंगारी, गाड्यांचे मेकॅनिक आणि यंत्रशाळेतले कामगार यांची एमआरआय तपासणी करून पाहिलं गेलं. हात नव्वद अंशांच्या वर ठेवून जितकी वर्षं काम, तितके त्या स्नायुबंधातले बदल जास्त.

म्हणून मान-खांदेदुखी असा एकच गठ्ठा बांधला की उपाय चुकतो. बसून बारीक काम करणाऱ्याचं दुखणं मानेच्या मुळाशी, पसरट, भरून आल्यासारखं. हात वर करून काम करणाऱ्याचं खांद्याच्या टोकाशी, हालचालीबरोबर येणारं. तुम्हाला शिडीची एक पायरी वर चढणं किंवा रोलरला लांब दांडा लावणं याचा जो फायदा होईल तो कुठल्याही मलमाने होणार नाही. आणि एकदा दाखवून घ्या. चाळिशी-साठीच्या मधले असाल आणि मधुमेह असेल तर खांदा गोठण्याचाही संभव जास्त असतो. त्यात दुसऱ्या कुणी हात धरून फिरवला तरी तो फिरत नाही, त्यावरून ओळखू येतं.

दाढ_आणि_दृष्टी

दंतवैद्य. आमच्या व्यवसायात मान धरलेली नाही असा माणूस शोधावा लागतो. वर कुणी जोराचा विषय काढला म्हणून सांगते, आमच्याकडे जोर जवळपास नाहीच. आहे ती अचूकता. नजर खिळलेली, श्वास अर्धवट धरलेला, कोपरं अंगापासून सुटलेली. काम जितकं बारीक तितकं डोकं जवळ नेलं जातं, कारण डोळ्याला दिसायला हवं. म्हणजे मान वाकवते कोण, तर नजर. आरसा नीट वापरून आणि कलत्या भिंगांचा, मान न वाकवता खाली बघू देणारा चष्मा घेऊन मला जेवढा फरक पडला तेवढा खुर्ची बदलून पडला नाही.

शेवटचं_बटण ताई, तुमच्या लाइनवर उजेड कसा आहे? गडद कापडावर गडद धागा असला की बायका दोन वीत पुढे झुकतात का बघा. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालं आणि चष्मा घेतलेला नसला तर तेच. उलट बाजूने, प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून स्क्रीनवर काम करणारे भिंगाच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करून बसतात. कीबोर्डकर, लागू असेल तर बघा.

शेवटचं_बटण

काळ्या कापडाचा लॉट असला की तक्रारी वाढतात, हे लक्षात आलं होतं. मी त्याचं खापर कापडाच्या जाडीवर फोडत होते. मशीनच्या डोक्यावरचे दिवे तपासून घेते.

लाइनदार

उत्पादनाचं नियोजन करतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. सगळं खरं असलं तरी माल वेळेत जावा लागतो. दर तासाला उठा, चाला, मान फिरवा म्हणणं सोपं आहे. एक बाई उठली की तिच्या पुढचे सगळे हात थांबतात. आणि उठायला सांगितलं तरी उठत नाहीत हो. तुकड्यावर पैसे मिळणारी तर मुळीच नाही.

मधली_सुट्टी

शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत ते बरं झालं. तुकड्यावर मजुरी हा स्वतःच एक धोका आहे. विश्रांतीचा प्रत्येक क्षण बाईच्या खिशातून जातो, मग ती स्नायू सैल कशाला सोडेल?

थांबल्याने काम बुडतं हेही तपासून घ्या. अमेरिकेत डेटा एंट्रीच्या कामगारांवर नायोशच्याच लोकांनी प्रयोग केला, २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दोन पंधरा मिनिटांच्या सुट्ट्या तशाच ठेवून, ज्या तासांत सुट्टी नव्हती तिथे पाच मिनिटांची भर घातली. मान, खांदे, हात, डोळे यांचा त्रास कमी झाला. एकूण एंट्री कमी झाल्या नाहीत, कमी वेळात तेवढंच काम निघालं.

लाइनदार

डेटा एंट्रीत एकाचं काम दुसऱ्यावर अडत नाही. लाइनवर अडतं. फरक आहे.

मधली_सुट्टी

आहे. मग दोन जागांच्या मध्ये तयार तुकड्यांचा थोडा साठा राहू द्या. साठा असला की एकीला मिनिटभर थांबता येतं आणि पुढचीचा हात रिकामा राहत नाही. साठा शून्यावर आणायच्या नादात लाइनवर माणसाला हलायची जागाच उरत नाही, हे नियोजनवाल्यांनी ऐकायला हवं. किंवा सगळी लाइन एकदम थांबवा, ठरलेल्या वेळी.

तिरकस

या भांडणात मुद्दा निसटू नये. कामाचा वेग किती, याच्याइतकंच तो वेग कोणाच्या हातात, हे महत्त्वाचं ठरतं. १९७९ मध्ये कारासेकने मांडणी केली होती: कामाचा रेटा जास्त आणि स्वतःच्या कामावर ताबा कमी, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पिळते. मूळ मांडणी मनावरच्या ताणाबद्दल होती. पुढे मान-खांद्याच्या अभ्यासांतही ही जोडी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते, वरिष्ठांचा पाठिंबा नसणं त्यात आणखी भर घालतं.

हे केवळ मनाचे खेळ आहेत असं म्हणणाऱ्यांसाठी: १९९०च्या दशकात स्वीडनमध्ये लोकांना खुर्चीत बसवून रंगांच्या नावांची चाचणी दिली. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला आणि सांगायचा शाईचा रंग. हाताला काहीच काम नाही. तरी ट्रॅपेझियसमधली विद्युत हालचाल वाढली. म्हणजे सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला की खांदे कानाकडे जातात, ही नुसती म्हणायची गोष्ट नाही.

मणकेदार

आणि तेव्हा विराम नाहीसे होतात! हात थांबलेला असतानाही स्नायू चालूच. टार्गेट चुकलेल्या दिवशी मशीन बंद झाल्यावरही खांदा सुटत नाही, घरी गेल्यावरही सुटत नाही, झोपेतही नीट सुटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी शिळा थकवा घेऊन बाई परत मशीनवर. मला विचाराल तर वेग, ढब आणि ताण यांना तीन वेगळ्या खणांत ठेवणंच चूक. तिघेही एकाच गोष्टीवर घाव घालतात, स्नायू सुटण्यावर.

जुनं_दप्तर

अवांतर, पण राहवत नाही. इटलीचा वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी, कामगारांच्या रोगांवर लिहिणारा. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली आहेत: सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वी, इलेक्ट्रोड नसताना.

लाइनदार

रामाझिनीला टार्गेट नव्हतं. :)

उंबरठा

माझा प्रश्न बायकांबद्दल. सगळीकडे लिहिलेलं असतं की स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त. शरीराची घडण म्हणून सोडून द्यायचं का?

मधली_सुट्टी

अजिबात नाही. आधी हे बघा की एकाच कारखान्यात हलकं, बारीक, वेगाचं काम कोणाला देतात आणि फिरतीचं कोणाला. पदनाम एक असलं तरी पुरुष मशीन लावतो, दुरुस्त करतो, माल आणतो. बाई बसून तोच तुकडा ओढते. दुसरं, टेबलाची उंची आणि पोहोच सरासरी पुरुषाच्या मापाने ठरलेली असली तर बुटक्या बाईला दिवसभर खांदे उचलून काम करावं लागतं. तिसरं, कारखान्यातली पाळी संपली की घरकामाची दुसरी पाळी, म्हणजे स्नायू सावरायचा वेळ तिथेही कापला. हे सगळं वजा केल्यावरही काही फरक उरतो असं अभ्यास सांगतात. पण आधी वजा तर करा.

मणकेदार

दुजोरा. वय, धूम्रपान, झोपेची आबाळ यांचाही संबंध दिसतो, पण थोडा. माणसागणिक बघायचं तर सगळ्यात मोठी खूण एकच, आधी कधी मान धरली होती का. एकदा होऊन गेलेल्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणून पहिल्या खेपेलाच लक्ष द्यायचं. नवी मुलगी लाइनवर आली की पहिल्याच आठवड्यात पूर्ण टार्गेट देऊ नका, वेग हळूहळू चढू द्या. सुट्टीवरून, बाळंतपणावरून परत आलेल्यांनाही तेच.

कीबोर्डकर

एमआरआय काढला होता. मानेत दोन ठिकाणी चकती फुगलीय असं लिहून आलं. म्हणजे कामामुळे मान झिजली असंच ना?

मणकेदार

असं नाही म्हणता येत. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ८७.६ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, विशीतल्यांच्यासुद्धा बहुतेकांच्या. अहवालातलं वाक्य वाचून लोक मान हलवायलाच घाबरतात आणि मग खरोखर आखडते.

कधी घाबरायचं तेही लिहून ठेवते. हातातली ताकद कमी होणं, वस्तू निसटणं, बधिरपणा वाढत जाणं. चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. ताप किंवा वजन घटण्याबरोबर दुखणं, रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारं दुखणं, अपघातानंतरचं दुखणं. यात खुर्ची-टेबल बघत बसायचं नाही, थेट डॉक्टर. खांदा-हात दुखण्याबरोबर छातीत जडपणा, घाम, धाप असेल तर तातडीने, त्याच क्षणी.

उंबरठा

व्यायामाचं कुणीच बोललं नाही?

मणकेदार

मुद्दामच मागे ठेवलं, कारण व्यायामाचं नाव काढलं की व्यवस्थापन लगेच पोस्टर लावतं आणि बाकी काही करत नाही. पण उपयोग होतो, पुरावा चांगला आहे. डेन्मार्कमध्ये वारंवार मान-खांदे दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांना रबरी पट्टा देऊन खांद्याचा एकच व्यायाम करायला लावला, २०११ चा अभ्यास. एका गटाला रोज दोन मिनिटं, दुसऱ्याला बारा, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं काही न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं होतं. हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, बस. नुसतं ताणण्यापेक्षा ताकद वाढवण्याचा गुण जास्त येतो, असं मला रुग्णांतही दिसतं. @उंच_शिडी, तुम्ही आधी तपासून घ्या, मग पट्टा.

लाइनदार

जागा बदलून देण्याबद्दल काय मत? आम्ही दोन-दोन तासांनी बायकांची मशीन बदलतो. तरी फरक नाही.

मधली_सुट्टी

कुठून कुठे?

लाइनदार

कॉलरवरून कफवर, कफवरून खिशावर.

मणकेदार

यात बदललं ते कापड. स्नायू तोच, स्थिती तीच. कॉलरवरून उभं राहून इस्त्रीवर, तिथून मोजणी-तपासणीवर, असं फिरवलं तर खांद्याला काही वेगळं मिळेल. तेही बघून, कारण इस्त्रीचं टेबल उंच असलं तर आगीतून फुफाट्यात.

शेवटचं_बटण

खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. टार्गेट कमी करून घेणं लगेच जमणार नाही, दोन जागांमधला साठा वाढवणं जमेल, लाइनदार दादा तुमच्याच खात्यातल्या माणसाशी बोलावं लागेल. टेबलाबद्दल सांगा. आमची टेबलं सपाट आहेत, पाय खाली-वर करता येतात पण कधी कुणी केलेले नाहीत. आणि इलेक्ट्रोड नसताना ते विराम ओळखायचे कसे?

मणकेदार

शिलाईला लिहिण्याच्या टेबलाचं माप लावू नका. टेबल कोपरापेक्षा थोडं वर आणि बाईच्या बाजूला दहाएक अंश उतरतं असेल तर मान कमी वाकते, कारण सुई नजरेच्या जवळ येते. पॅडलकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. ते फार आत असलं की पाय पोहोचवायला बाई खुर्चीच्या टोकावर येते, पाठीचा टेका सुटतो आणि मग सगळा भार मान-खांद्यावर. आधी पॅडल, मग खुर्ची, मग टेबल, या क्रमाने लावा. दर बाईसाठी वेगळं, आणि पाळी बदलली की परत.

विराम ओळखायला शिवतानाचा हात बघू नका, शिवून झाल्यावरचा बघा. तुकडा बाजूला ठेवून पुढचा घेईपर्यंत हात मांडीवर किंवा टेबलावर पडतो का, की हवेतच थांबतो? दोन गठ्ठ्यांच्या मध्ये खांदा खाली येतो का? तासभर बाजूला उभं राहून बघितलंत तर कोणाचा सुटतो आणि कोणाचा नाही हे कळायला लागेल. तुम्ही देखरेख करता म्हणून तुम्हाला बघून सगळ्यांचेच खांदे वर जातील, तेवढं धरून चला.

तिरकस

बघण्याबरोबर विचाराही. शरीराचं चित्र काढून कुठे दुखतं ते खूण करायची, गेल्या बारा महिन्यांत आणि गेल्या सात दिवसांत, अशी १९८७ पासून वापरात असलेली नॉर्डिक प्रश्नावली आहे. साधी आहे, भाषांतर करून घेता येईल. बदल करायच्या आधी एकदा भरून घ्या आणि काही महिन्यांनी परत, नाहीतर फरक पडला की नाही यावर नुसत्या गप्पा होतील. फक्त कागदावर नाव घेऊ नका. टार्गेट बघणाऱ्याच्या हातात कागद द्यायचा म्हटल्यावर सगळ्यांच्याच माना ठणठणीत निघतील.